न्यायमूर्ती कोणत्या पक्षाच्या?

ताई मेलबर्नला आली तेव्हा तिच्या राज्यातली निवडणूक नुकतीच संपली होती. तिने ज्याच्यासाठी काम केलं होतं तो उमेदवार निवडून आला होता. विमानतळावर मी तिला मिठी मारली आणि म्हटलं, "अभिनंदन गं! जिंकलात ना तुम्ही लोक."

"हो, जिंकलो," ती म्हणाली आणि ट्रॉली ढकलत पुढे निघाली.

मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल. अमेरिकेहून इथे यायचं म्हणजे माणूस पार पिळून निघतो. क्रेगीबर्नला घरी पोचल्यावर तिने वरणभात खाल्ला, माझ्या नवऱ्याला अमेरिकेतल्या थंडीबद्दल चार वाक्यं ऐकवली आणि झोपून गेली. निवडणुकीचा विषय तिने काढला नाही. आदल्या चार महिन्यांत तिने दुसरा विषय काढला नव्हता.

ती निवडणूक आमदाराची किंवा राज्यपालाची नव्हती, न्यायाधीशाची होती. ताई राहते त्या राज्यात सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश लोक मतं देऊन निवडतात. तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला ते खरंच वाटेना.

"म्हणजे न्यायाधीश प्रचार करतात? हात जोडून?"

"हात कसले जोडतात! टीव्हीवर एकमेकांची लक्तरं काढतात," ती म्हणाली होती.

मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो, पण कोण कोणाचा हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या वेळी एका जागेवरून कोर्टातलं बहुमत इकडचं तिकडे होणार होतं. त्यामुळे त्या राज्यात आयुष्यात कधी पाऊल न ठेवलेल्या धनाढ्य लोकांनी तिथे पैशाचा पाऊस पाडला. ताई फोनवर बोलत असताना मागे टीव्हीवर जाहिराती चालू असायच्या. तो गंभीर, खर्जातला आवाज मला इथे क्रेगीबर्नच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण कोणावर तरी भयंकर आरोप चाललाय एवढं कळायचं. पोस्टाच्या पेटीत रोज जाड, गुळगुळीत पत्रकं येत. फोनवर अनोळखी माणसं मेसेज करत आणि तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारत.

ताई आधी वैतागली, मग त्यात ओढली गेली. तिच्या जिव्हाळ्याचे दोन-तीन प्रश्न त्या कोर्टापुढे येणार होते आणि घरी बसून चालणार नाही असं तिला मनापासून वाटलं. साठीला टेकलेली माझी बहीण बर्फातून दारोदार हिंडू लागली. मला तिचा अभिमानही वाटायचा आणि काळजीही.

ती आमच्याकडे आली त्याचं कारण मात्र माझी मुलगी होती. मुलीचं लॉ पूर्ण झालं होतं, पुढचं प्रशिक्षणही झालं होतं, आणि आता तिला वकील म्हणून रीतसर प्रवेश मिळणार होता. हा समारंभ इथे राज्याच्या सुप्रीम कोर्टात होतो. न्यायमूर्तींसमोर उभं राहून शपथ घ्यायची, नोंदवहीत सही करायची, आणि मग तुम्ही वकील.

या मुलीने शाळा संपताना "मला लॉ करायचंय" म्हटलं तेव्हा आमच्या घरात सुतक पडलं होतं. आमच्या ओळखीच्या सगळ्यांची मुलं मेडिसिन नाहीतर इंजिनिअरिंगला गेली होती. माझा नवरा आयटीतला, पुण्याचा. त्याच्या मते वकील म्हणजे सिनेमात टेबलावर हात आपटणारा माणूस. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला, मुलीचं डोकं कोणी फिरवलं म्हणून. मी मध्ये लोंबकळत होते. तेव्हा ताईने थेट माझ्या नवऱ्याला फोन लावला होता.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या मुलीला वाचायला आवडतं आणि भांडायला आवडतं. ही दोन्ही कामं एकाच वेळी करायला मिळतील असा दुसरा धंदा तुम्ही मला सांगा, मी तिची समजूत काढते."

त्याला दुसरा धंदा सुचला नाही. तो हसला, आणि हसला म्हणजे संपलंच. म्हणून समारंभाची तारीख कळली तेव्हा मुलीने मला सांगण्याआधी मावशीला कळवलं. प्रत्येकाला दोनच पाहुणे आणायची परवानगी होती. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "तू आणि ताई जा. ऑनलाइन दाखवतात म्हणे. मी ऑफिसमधून बघतो." आपल्या एकुलत्या एक मुलीचा असा दिवस सोडून देणं काय असतं ते मला कळत होतं. त्याने ते पुन्हा बोलून दाखवलं नाही, आणि मीही धन्यवाद म्हटलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही. पण त्या आठवड्यात मी रोज त्याच्या आवडीची भाजी केली.

समारंभाच्या आधीच्या शनिवारी इथे देशाची निवडणूक होती. मतदान केंद्र म्हणजे आमच्या कोपऱ्यावरची प्रायमरी स्कूल. इथे मत द्यावंच लागतं, नाहीतर दंड भरा. त्यामुळे झाडून सगळं क्रेगीबर्न तिथे लोटतं: झोपाळलेले शिफ्टवाले, बाबागाड्या, पगड्या, हिजाब, कुत्री. ताई म्हणाली, "मी काय करू तिथे?" तरी आली.

फाटकाबाहेर वेगवेगळ्या रंगांचे टी-शर्ट घातलेले कार्यकर्ते आपल्या पक्षाला मत कसं द्यायचं ते छापलेले कागद वाटत होते. एका तरुण मुलाने ताईच्या हातातही कागद ठेवला. "आय कान्ट व्होट हिअर," ती म्हणाली. "नो वरीज, सॉसेज खाऊन जा!" तो म्हणाला. शाळेच्या मदतीसाठी पालक तिथे शेगडी लावतात आणि पावाच्या स्लाइसमध्ये सॉसेज घालून देतात. आम्ही न खाणारे, म्हणून आम्हाला नुसता परतलेला कांदा आणि टोमॅटो सॉस घालून मिळाला. तो चवीला झकास लागतो, हे मी कोणालाही पटवून देईन.

आम्ही रांगेत होतो तोवर ताई बाजूला उभी राहून पाव खात होती. तिथे दोन बायका शेजारी शेजारी उभ्या होत्या, एकमेकींविरुद्धच्या पक्षांच्या. एक गोरी, थोराड. दुसरी आपल्यासारखीच, पंजाबी असावी. थोराड बाई म्हणाली, "लव्ह, मला टॉयलेटला जायचंय, हे जरा धरशील?" आणि आपला गठ्ठा तिच्या हातात देऊन गेली. ही पंजाबी बाई मग येणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही कागद देत राहिली. "हा माझा, आणि हा तिचा. ती येईलच आत्ता."

मी मत देऊन बाहेर आले तर ताई तिथेच उभी. पाव तसाच हातात.

"अगं, ती विरोधकांचे कागद वाटत होती," ती मला म्हणाली.

"मग?"

"काही नाही."

घरी जाताना नवरा म्हणाला, "ताई, इथेही काही रामराज्य नाहीये हं. पार्लमेंटमध्ये काय भांडतात, टीव्हीवर बघा तुम्ही." ताईने मान हलवली, पण तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

समारंभाच्या दिवशी आम्ही तिघी ट्रेनने सिटीत गेलो. ताईने नारायणपेठ नेसली होती आणि वरून माझा जाड ओव्हरकोट घातला होता. मेलबर्नच्या वाऱ्याला साडीचं काही कौतुक नाही. मुलगी काळ्या सुटात, केस घट्ट बांधलेले, ओठ आत ओढलेले. लहानपणी इंजेक्शनला नेताना ती असेच ओठ आत ओढायची.

कोर्टाची इमारत जुनी, दगडी. आतला दिवाणखान्यासारखा मोठा हॉल माणसांनी भरला होता, आणि तरी तिथे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. तीन न्यायमूर्ती आले, आम्ही सगळे उभे राहिलो. मग एकेक वकील उठून आपापल्या उमेदवाराचं नाव घेऊ लागले. ह्या मुलाला, ह्या मुलीला प्रवेश द्यावा अशी विनंती करायची, ज्याचं नाव घेतलं त्याने उभं राहायचं, मान लववायची. माझ्या मुलीसाठी जी बॅरिस्टर उभी राहिली तिच्या हाताखाली मुलीने काही महिने काम केलं होतं. तिने आमचं आडनाव घेतलं, आणि अगदी बरोबर घेतलं. इतक्या वर्षांत या देशात आमच्या आडनावाचे काय काय हाल झालेत ते आम्हालाच माहीत. नंतर मुलीने सांगितलं, आदल्या दिवशी त्या बाईने मुद्दाम फोन करून चार-पाचदा म्हणवून घेतलं होतं. मला तर तिथेच रडू फुटलं. ताईने आपला रुमाल दिला. तो आधीच ओला होता.

शपथ झाल्यावर मधल्या न्यायमूर्ती थोडं बोलल्या. मी काहीतरी भारदस्त ऐकायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, अशिलांचे फोन आले तर उलट फोन करा. कागद पूर्ण वाचल्याशिवाय मत देऊ नका. आणि इथे तुम्हाला कोणी आणून पोचवलं त्यांना आज जेवायला घेऊन जा. लोक हसले. बस, एवढंच.

मग आम्ही समोरच्या कॅफेत जाऊन बसलो. मुलीचा फोन सारखा वाजत होता. नवऱ्याने ऑफिसच्या मीटिंगरूममधून स्वतःचाच फोटो पाठवला होता, डोळे लाल. ताईने कॉफीत साखर ढवळली आणि विचारलं,

"त्या मधल्या न्यायमूर्ती कोणत्या पक्षाच्या?"

"सॉरी?" मुलगी म्हणाली.

"पक्ष गं. कोणाच्या बाजूच्या आहेत त्या?"

"मावशी, आय हॅव नो आयडिया."

"असं कसं? तू पाच-सहा वर्षं लॉ शिकलीस ना? त्यांचे निकाल वाचलेस ना?"

"खूप वाचलेत. बट आय रिअली डोन्ट नो. मला कधी प्रश्नच नाही पडला."

"मग त्यांना तिथे बसवलं कोणी? त्यांच्यासाठी पैसा कोणी घातला?"

मुलगी हसायला लागली, मग मावशीचा चेहरा पाहून थांबली. "पैसा नाही लागत, मावशी. गव्हर्नमेंट अपॉइंट करतं. त्या आधी चांगल्या बॅरिस्टर होत्या, दॅट्स इट."

"आणि लोकांना कोणी विचारलं?"

"कोणीच नाही."

"मग हे तरी काय बरोबर आहे?" ताईचा आवाज चढला. "आम्हाला निदान विचारतात तरी. इथे सरकारने आपली माणसं गुपचूप बसवली तर तुम्हाला कळणार कसं?"

"फेअर इनफ," मुलगी म्हणाली. तिने खरोखर विचार केला. ते मला फार आवडलं. "लोक इथे पण तसं म्हणतात. की ओळखीतले लोक घेतात, वगैरे. आय थिंक इट्स अ फेअर क्रिटिसिझम. पण एकदा तिथे बसल्या ना, की मग त्यांना परत कोणाकडे काही मागायला जावं लागत नाही. नॉट फ्रॉम एनीवन. जो समोर उभा आहे त्याला हे माहीत असतं."

ताईचा चेहरा असा पडला की मला वाटलं, मुलीचं बोलणं तिला उद्धट वाटलं असावं. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अण्णा आठवले."

आमचे वडील पुण्याला जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. आमच्या घरात कोर्टातल्या साहेबांची नावं घेतली जात नसत. रस्त्यात एखादा पक्षकार समोरून येताना दिसला तर अण्णा पलीकडच्या फुटपाथवर जात. एका दिवाळीत कोणीतरी मिठाईचा पुडा दारात ठेवून गेलं. आम्ही दोघी पोरी वासाने वेड्या झालो होतो. अण्णांनी पुडा न उघडता सायकलला अडकवला आणि परत द्यायला गेले. आईने मग आमच्यासाठी घाईघाईने बेसनाचे लाडू वळले, ते फुटले, आणि आम्ही वाटीत चमच्याने खाल्ले. ताईने ही गोष्ट मुलीला सांगितली. मुलीने आजोबांना पाहिलेलं नाही. ती म्हणाली, "ही साउंड्स लाइक अ लेजंड." आणि मावशीच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

मुलगी मैत्रिणींबरोबर जेवायला गेली आणि आम्ही दोघी ट्रेनने परत निघालो. भर दुपार होती, डबा जवळपास रिकामा. नॉर्थ मेलबर्न स्टेशन गेलं, तसं ताईने बोलायला सुरुवात केली.

तिची एक मैत्रीण आहे. नागपूरची. दोघी अमेरिकेतल्या त्या गावात साधारण एकाच सुमाराला गेल्या, आणि वीसेक वर्षं एकमेकींच्या घरात चप्पल न काढता शिरायच्या. मैत्रिणीला मूल नव्हतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने तिथलीच एक मुलगी दत्तक घेतली, चार वर्षांची. दत्तक पक्कं करायला स्थानिक कोर्टात जावं लागतं. ताई बरोबर गेली होती, मिल्क पावडरचे पेढे करून. ती हकिकत मला फोनवर तेव्हाच कळली होती: न्यायाधीश एक बाई होत्या, हुकमावर सही झाल्यावर त्या खाली उतरल्या, मुलीला उचलून आपल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, आता तू आम्हाला सांग, कोर्ट संपलं का? पोरीने "येस" म्हटलं आणि सगळे हसले. ताईने त्या बाईंना पेढा भरवला होता.

"त्याच बाई उभ्या होत्या," ताई म्हणाली. "आमच्या विरुद्ध."

मला पहिल्यांदा समजलंच नाही.

"निवडणुकीला गं. सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठी. दुसऱ्या पक्षाने त्यांच्यामागे पैसा लावला होता, आमच्या पक्षाने आमच्या माणसामागे. मला पहिल्यापासून माहीत होतं त्याच आहेत. मी स्वतःला म्हणायचे, हा बाईंचा प्रश्न नाहीये, कोर्टातल्या मतांचा प्रश्न आहे. आणि ते खरंही आहे. मत मी आजसुद्धा आमच्याच माणसाला देईन."

"मग?"

"मग ती पत्रकं आली." ती खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गोदामं आणि कुंपणं मागे जात होती. "त्यांचा फोटो काळपट केलेला. डोळ्यांखाली खड्डे. मागे तुरुंगाचे गज. खाली लिहिलेलं, ह्या बाईने गुन्हेगार मोकाट सोडले. एक जुना खटला काढला होता, अर्धाच सांगितलेला. ते छापणारी संस्था आमच्या राज्यातली नव्हतीसुद्धा. मला ज्या गल्ल्या दिल्या त्यात माझ्या मैत्रिणीची गल्ली होती. मी प्रत्येक दारावर ते अडकवत गेले. तिच्याही. आणि नेहमीसारखी बेल वाजवली, चहाला."

मैत्रिणीने दार उघडलं, दाराच्या मुठीला अडकवलेलं पत्रक काढून हातात घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "ओळखलंस का, ह्या कोण आहेत?" मागे जिन्यावर ती मुलगी उभी होती. आता कॉलेजात जाते. "तू पेढा भरवलास त्यांना," मैत्रीण म्हणाली. "चहा ठेवलाय मी. पण आज नको." आणि दार लावून घेतलं.

"त्यानंतर बोलणं नाही," ताई म्हणाली. "निकालाच्या दिवशी आमच्या हॉलवर ढोल वाजत होते आणि मला तिच्या घरी जावंसं वाटत होतं. अण्णा असते तर काय म्हणाले असते गं?"

मोठी बहीण ती. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक अडचणीत उत्तर तिच्याकडे असायचं. इथे येऊन पहिल्या वर्षी नोकरी मिळेना तेव्हा रोज सकाळी फोन करून मला अंथरुणातून उठवायची ती. मी तिचा हात हातात घेतला. शेवटी एवढंच म्हटलं, "फोन कर तिला."

"काय बोलू?"

"मला सांगितलंस तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे तिथे आदली संध्याकाळ, ताई परसात कपडे वाळत घालायच्या तारेखाली येरझारा घालत होती. मी खिडकीतून बघत होते. मैत्रिणीने फोन घेतला नाही. मग ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून मेसेज रेकॉर्ड केला. मध्ये दोनदा पुसून टाकला असावा, कारण ती थांबून फोनकडे बघायची आणि पुन्हा सुरू करायची. आत येऊन तिने गार झालेला उपमा खाल्ला. त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. ताई माझी कपाटं आवरत सुटली.

नंतर एका सकाळी ती आंघोळीला गेलेली असताना तिचा फोन वाजला. मैत्रिणीचा होता. मी उचलला, कारण वाजून बंद पडला असता तर पुन्हा वाजेल याचा भरवसा नव्हता.

"तू धाकटी ना?" पलीकडून आवाज आला. स्वच्छ नागपुरी हेल. "तुझ्या मुलीचं झालं का कोर्टातलं?"

"झालं, छान झालं."

"अभिनंदन सांग तिला. तुझ्या ताईने एवढे वर्षं ऐकवलंय तिच्याबद्दल, मलाच वाटतं माझी भाची वकील झाली." मग थांबून, "ती कुठे आहे?"

"आंघोळ करतेय. बाहेर आली की करायला सांगू का फोन?"

"नको. मी थांबते."

आणि ती थांबली. फोन तसाच धरून. मी विचारलं, तिकडे अजून थंडी आहे का. ती म्हणाली, आहे. मग स्वतःहून म्हणाली, "हे बघ, माझा राग गेलेला नाहीये. खोटं कशाला बोलू. पण माझ्या पोरीला सायकल तिने शिकवली. पोरगी परवा म्हणते, आई, शी वॉज देअर. शी वॉज इन द रूम. म्हणजे त्या दिवशी, कोर्टात. त्या दिवशीची आठवण सांगायला आम्हाला आणखी कोण आहे?"

मी बाथरूमचं दार ठोठावलं. ताई ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली, फोन घेतला, खोलीत गेली आणि दार लावलं. आत त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही. मी ओट्याशी उभी राहून उगीचच कोथिंबीर निवडत होते आणि मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बाईचे आभार मानत होते. रागात असलेलं माणूस दुसऱ्याची आंघोळ होईस्तोवर फोनवर थांबतं, ही साधी गोष्ट नाही.

ताई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "ती म्हणाली, राग आहे," तिने सांगितलं. "मी म्हटलं, असू दे." आणि स्वतः पोळ्या करायला तिने मला बाजूला सारलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

राहिलेले दिवस आम्ही मजेत घालवले. भरपूर हिंडलो, भरपूर खाल्लं. निघायच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्याने ताईला विचारलं, "मग, पुढच्या निवडणुकीला पुन्हा दारोदार जाणार का तुम्ही?"

"जाणार," ती म्हणाली. "पण हातात काय धरलंय ते आधी वाचणार. आणि बाहेरून आलेलं काही वाटणार नाही. पक्षाला आवडलं नाही तर काढून टाका म्हणावं मला."

ताई परत गेली तेव्हा मेहुणे कामासाठी दुसऱ्या शहरात होते. विमानतळावर तिला घ्यायला मैत्रीण आली होती. गाडीत पहिली दहा मिनिटं दोघी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलल्या, असं ताईने मला कळवलं. त्या वर्षीचा गणपती मैत्रिणीकडे बसला. आरती होईपर्यंत राजकारण काढायचं नाही असा नियम मैत्रिणीच्या मुलीने केला, आणि आरतीनंतर दोघी कडाकडा भांडल्या म्हणे. त्या न्यायाधीश बाई आपल्या जुन्या कोर्टात पुन्हा कामाला लागल्यात. त्या गावातली माणसं त्यांच्यापुढे जातात, आणि त्यांचे ते काळपट फोटो त्या माणसांनीही पाहिलेले असतात. ताई म्हणते, ह्याचं काय करायचं ते तिला अजून समजलेलं नाही.

माझी मुलगी आता आमच्याच भागातल्या एका मोफत कायदा सल्ला केंद्रात काम करते. पगार बेताचा. गेल्या महिन्यात ती स्वतः एकटीने पहिल्यांदा एक प्रकरण चालवायला उभी राहिली. एक वयस्कर बाई, घरमालकाशी वाद. मी दिवसभर देवापुढे दिवा तेवत ठेवला होता. संध्याकाळी ती आली, बूट काढले आणि सोफ्यावर आडवी झाली.

"काय झालं?" मी विचारलं. "जिंकलात?"

"नाही गं. हरलो. कायदाच तसा आहे."

"अरे देवा. आणि त्या बाई?"

"दॅट वॉज द स्ट्रेंज थिंग. बाहेर आल्यावर शी थँक्ड मी. म्हणाली, जजनी माझं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. का हरले ते मला समजलं." ती छताकडे बघत होती. "मग आम्ही तिच्यासाठी दुसरं घर शोधायला लागलो. उद्या एक बघायला जातोय. आई, खायला काय आहे?"

मी तिला गरम आमटी वाढली. तिचे बाबा समोर बसून तिच्याकडून सगळं पहिल्यापासून पुन्हा ऐकत होते, शब्दन् शब्द, आणि मध्ये एकदाही बोलले नाहीत.